सीमेपलीकडून बेळगाव भागात नांदायला आल्यावर: कागदपत्रे, गल्ली आणि पहिले वर्ष

चंदगड, गडहिंग्लज, आजरा या भागांतून बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावांत सुना येणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट आहे. भाषा तीच, भात तेच, देवही बहुतेक तेच, त्यामुळे लग्न ठरवताना आपण दुसऱ्या राज्यात जात आहोत याची जाणीव कोणालाच होत नाही. ती जाणीव पहिल्यांदा होते ती रेशन दुकानात किंवा बसमध्ये कंडक्टरने ओळखपत्र मागितल्यावर. मला ती लग्नानंतर दोन महिन्यांनी झाली आणि पुढची दोन वर्षे होत राहिली.

मी चंदगड तालुक्यातून बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावात आले त्याला आता नऊ वर्षे झाली. माझे कागद चुकत-माकत मार्गी लागले, आणि नंतर आमच्या गल्लीत आलेल्या पाच-सहा सुनांचे कागद करताना मी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. यात कागदपत्रे आणि गल्लीतली वागणूक अशा दोन्ही गोष्टी मुद्दाम एकत्र आल्या आहेत, कारण आमच्याकडे त्या वेगळ्या नाहीत. अर्ज कचेरीत मंजूर होतो, पण तुम्ही या घरात राहता हे शेवटी शेजारच्या बाईच्या तोंडूनच सिद्ध होते.

१. माहेर सोडण्यापूर्वी गोळा करायचे कागद

लग्नाच्या धावपळीत हे राहून जाते आणि मग एकेका कागदासाठी सीमेपलीकडे फेरी होते. पुढील कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स प्रतींसह, सासरी येतानाच बरोबर आणावेत:

- जन्मदाखला, आणि तो नसल्यास शाळा सोडल्याचा दाखला
- दहावीचे गुणपत्रक, कारण जन्मतारीख आणि नावाचे इंग्रजी स्पेलिंग यांसाठी सगळीकडे तेच प्रमाण मानतात
- आधार कार्ड, पॅन कार्ड आणि मतदार ओळखपत्र
- वडिलांच्या नावाचा आणि तुमच्या नावाचा जातीचा दाखला
- माहेरच्या रेशन कार्डाची प्रत
- बँकेचे पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असलेले सिम
- लग्नपत्रिका, लग्नातले दोघांचे एकत्र फोटो आणि पासपोर्ट आकाराचे किमान दहा फोटो

मोबाईल क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे. पुष्कळ मुलींचे आधार भावाच्या किंवा वडिलांच्या क्रमांकाला जोडलेले असते, आणि मग बेळगावात रांगेत उभे राहून ओटीपीसाठी भावाला फोन लावावा लागतो, तेव्हा तो नेमका शेतात किंवा रेंज नसलेल्या ठिकाणी असतो. स्वतःचा क्रमांक आधीच जोडून घ्यावा.

जातीच्या दाखल्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. लग्नाने स्त्रीची जात बदलत नाही. ती वडिलांकडूनच येते आणि तिचा दाखला मूळ राज्यातून मिळतो. दोन राज्यांतल्या प्रवर्गांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत, म्हणून महाराष्ट्रात मिळणारी सवलत इथे तशीच मिळेल असे गृहीत धरू नये. मुलांचे दाखले मात्र त्यांच्या वडिलांच्या कागदांवरून इथल्याच नाडकचेरीत, म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालच्या स्थानिक महसूल कचेरीत, होतात.

२. नाव एक, स्पेलिंगे अनेक

माझ्या मते सगळ्या त्रासाचे मूळ इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. तुमचे नाव महाराष्ट्रात देवनागरीत आणि इंग्रजीत लिहिलेले असते. इथे ते कन्नडमध्ये लिहिले जाते, आणि पुष्कळदा कन्नडवरून पुन्हा इंग्रजीत येते. या प्रवासात नाव झिजते. आमच्या गल्लीतल्या ज्ञानेश्वरीचे उदाहरण घ्या. तिच्या गुणपत्रकावर नावाची सुरुवात मराठी पद्धतीने ‘डी, एन, वाय’ या अक्षरांनी होते. कन्नड भाषक टंकलेखक तोच ‘ज्ञ’ ‘जे, एन’ असा लिहितो, आणि तिसऱ्या ठिकाणी कोणीतरी उच्चार ऐकून ‘जी, एन’ लिहून मोकळा होतो. तिन्ही माणसे आपापल्या परीने बरोबर आहेत, पण संगणकाच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या बाया आहेत. ‘चव्हाण’मधला ‘व्ह’, ‘ऋतुजा’मधला ‘ऋ’, ‘कोऱ्हाळे’सारखी आडनावे या सगळ्यांची हीच गत होते.

दुसरा घोळ नावाच्या क्रमाचा आहे. महाराष्ट्रातल्या शाळेत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याची सवय असते. इथल्या अर्जांत बहुधा स्वतःचे नाव आधी येते. तिसरा घोळ गावाच्या नावाचा आहे: १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगाव’चे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, त्यामुळे घरातल्या जुन्या कागदांवर एक स्पेलिंग आणि नव्या कागदांवर दुसरे असते. याने सहसा काही अडत नाही, पण बँकेतला नवा कारकून अडवू शकतो.

यावर उपाय एकच आहे. दहावीच्या गुणपत्रकावरचे इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून ठेवावे आणि कोणताही अर्ज भरताना तो कागद टंकलेखकापुढे ठेवावा. नाव तोंडी सांगू नये. अर्ज पाठवण्याआधी संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवून घेऊन अक्षर न्‌ अक्षर वाचावे. मागे रांग वाढते आहे म्हणून लाजू नये, कारण आधारवरचे नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच.

सासरचे नाव लावायचे की नाही हा तुमचा आणि घरच्यांचा प्रश्न आहे. कायद्याने नाव बदलणे सक्तीचे नाही. शिक्षण, बँक, पॅन सगळे माहेरच्या नावाने असेल, तर ते तसेच ठेवावे आणि पत्ता व नवऱ्याचे नाव तेवढे बदलावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तांदळात अंगठीने लिहिलेले नाव घरात हाक मारायला ठेवावे, त्यासाठी राजपत्रापर्यंत जाण्याची गरज नाही.

३. कागदांचा क्रम

आधी विवाह नोंदणी, मग आधारचा पत्ता, मग रेशन कार्ड आणि शेवटी मतदार यादी, असा क्रम ठेवावा. हा क्रम उलटसुलट केला की एकच फेरी तीन वेळा होते.

लग्न महाराष्ट्रातल्या गावात लागले असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे नोंदणी करून घेणे सर्वांत सोपे जाते. तीन साक्षीदार लागतात आणि ते लग्नाच्या आठवड्यात माहेरी सहज मिळतात. वर्षभराने त्यांना गोळा करणे कठीण होते. दाखल्यावरचा मजकूर इंग्रजीतही भरून मागावा, कारण नुसता मराठी दाखला इथल्या प्रत्येक टेबलावर वाचला जाईल असे नाही. लग्न कर्नाटकात झाले असेल तर नोंदणी उपनोंदणी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होते.

विवाहाचा दाखला हातात आला की आधारचा पत्ता बदलावा. तुमच्या नावावर घर नसते, वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असते, मग पत्त्याचा पुरावा काय द्यायचा हा नव्या सुनेचा नेहमीचा प्रश्न आहे. त्यावर २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलण्याची सोय झाली आहे. नवऱ्याचा आधार क्रमांक आणि नाते दाखवणारा विवाह दाखला जोडून ऑनलाइन अर्ज करायचा. नवऱ्याच्या मोबाईलवर संदेश येतो आणि त्याने तीस दिवसांच्या आत संमती द्यायची असते. आमच्या शेजारच्या घरात नवऱ्याने तो संदेश जाहिरात समजून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, म्हणून त्याला आधी सांगून ठेवावे.

पत्ता बदलल्याचा पहिला फायदा बसमध्ये दिसतो. कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता पाहिजे. माहेरी जाताना महाराष्ट्राच्या एसटीत बसलात तर तिथे महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, मात्र ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतेच.

४. रेशन कार्ड: घाई करू नये अशी एकमेव जागा

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली. ‘आधी तिकडून नाव कमी करून आण, मग इकडे चढेल,’ असे मला एकाने सांगितले आणि ते खरेही होते. मी लगेच माहेरी जाऊन तालुक्याच्या पुरवठा विभागातून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन आले. इथे आल्यावर कळले की रेशन कार्डात नवीन नाव घालण्याची संगणकीय सोय त्या वेळी बंद होती. ती अधूनमधून थोडे दिवस उघडते आणि मग पुन्हा बंद होते. ती उघडेपर्यंत, आणि उघडल्यावर माझा नंबर लागेपर्यंत, चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत मी दोन राज्यांतल्या कोणत्याच रेशन कार्डावर नव्हते. सासूबाई पाहुण्यांना गमतीने सांगत, ‘आमची सून हवेवर जगते.’

म्हणून आधी आपल्या गावाच्या ग्राम वन केंद्रात (सरकारी सेवांचे अर्ज भरून देणारे केंद्र) किंवा रेशन दुकानदाराकडे चौकशी करावी की नाव घालणे सध्या सुरू आहे का. सुरू असेल किंवा सुरू होण्याची तारीख कळली असेल, तेव्हाच माहेरी जाऊन नाव कमी करावे. नाव घालताना पुढील कागद लागतात: नाव कमी केल्याचा दाखला, विवाहाचा दाखला, नव्या पत्त्याचे आधार आणि सासरचे मूळ रेशन कार्ड. उत्पन्नाचा दाखला नवीन मागितला जाऊ शकतो. दरम्यान, एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळे माहेरच्या कार्डावरचे आपल्या वाट्याचे धान्य इथल्या दुकानातही घेता येते, एवढा दिलासा आता आहे.

ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्यासाठी, अंगठा द्यावा लागतो. रोप लावणीच्या आठवड्यात जाऊ नये. दिवसभर चिखलात हात असले की बोटांच्या रेषा उमटत नाहीत, यंत्र तीनदा नकार देते आणि दुकानदार वैतागतो. अंगठा येतच नसेल तर डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवण्याचे यंत्र कुठे आहे ते विचारावे.

दोन योजनांची सरमिसळ करू नये, हेही इथेच सांगते. महाराष्ट्रातल्या लाडकी बहीण योजनेत महाराष्ट्राची रहिवासी असणे ही अट आहे. लग्न होऊन इकडे आल्यावरही ते दीड हजार चालू ठेवण्यासाठी कागद माहेरच्या पत्त्यावर ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना इथले काहीच मिळत नाही आणि तिथले केव्हाही बंद होऊ शकते. कर्नाटकातल्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार रुपये २०२३ पासून रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नोंद असलेल्या महिलेला, म्हणजे कन्नडमध्ये ज्याला ‘यजमानी’ म्हणतात तिला, मिळतात. एका कार्डावर एकच यजमानी असते आणि ती बहुतेक घरांत सासू असते. ते पैसे आपल्याला मिळावेत म्हणून पहिल्याच वर्षी कार्ड वेगळे करण्याचा हट्ट धरू नये. कार्ड फुटले की चूल फुटली असे गाव धरते.

५. नाडकचेरी, ग्राम वन आणि अर्जाचा क्रमांक

उत्पन्न, रहिवास, जात असे दाखले होबळीच्या (काही गावांच्या महसुली गटाच्या) ठिकाणच्या नाडकचेरीतून मिळतात. अर्ज तिथे, गावातल्या ग्राम वन केंद्रातून किंवा ग्रामपंचायतीतल्या बापूजी सेवा केंद्रातून करता येतो. अर्ज आणि पावत्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. घाबरण्याचे कारण नाही, कारण लागणारे शब्द मोजकेच आहेत आणि त्यांतले निम्मे आपलेच आहेत. ‘अर्जी’, ‘सही’, ‘दिनांक’, ‘कुटुंब’ हे तसेच आहेत. ‘हेसरु’ म्हणजे नाव, ‘विळास’ म्हणजे पत्ता, ‘तंदे’ म्हणजे वडील, ‘तायी’ म्हणजे आई, ‘गंड’ म्हणजे नवरा, ‘हुट्टिद दिनांक’ म्हणजे जन्मतारीख, ‘आदाय’ म्हणजे उत्पन्न, ‘वासस्थळ’ म्हणजे रहिवास, ‘वंशवृक्ष’ म्हणजे घराण्याची वंशावळ आणि ‘पडितर चीटी’ म्हणजे रेशन कार्ड. हे शब्द वहीच्या एका पानावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवले तर पंधरा दिवसांत पाठ होतात. कन्नड आकडेही शिकून घ्यावेत. दोन, तीन, चार हे देवनागरीच्या जवळचे आहेत, पण त्या साम्याच्या भरवशावर पुढचे वाचायला गेलात तर फसगत होते.

पावतीवरचा एक क्रमांक मात्र सोन्यासारखा जपावा. २०११ च्या सकाल कायद्याखाली ठरावीक सेवांना ठरावीक दिवसांची मुदत आहे आणि त्या अर्जाला पंधरा अंकी जीएससी क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावरून अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते कळते. मुदत उलटली तर अपील करता येते, आणि दिवसाला वीस रुपयांप्रमाणे जास्तीत जास्त पाचशे रुपये भरपाईची तरतूदही आहे. पाचशे रुपयांसाठी कोणी भांडत नाही, पण ‘क्रमांक आहे, अपील करू का?’ असे शांतपणे विचारले की पुष्कळदा फाईल हलते.

मराठीतून अर्ज देता येतो का, असे सगळ्याच विचारतात. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे आपली तक्रार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो हक्क लक्षात ठेवावा आणि तक्रारीच्या वेळी वापरावा. दाखल्याच्या ठरावीक नमुन्यासाठी मात्र ग्राम वनमधल्या मुलाकडून कन्नड अर्ज भरून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तिथे वाद जिंकला तरी दाखला उशिराच मिळतो.

६. चौकशीला माणूस येतो तेव्हा

दाखल्याचा अर्ज केला की तलाठ्यांकडे चौकशी येते. त्यांचे सरकारी पदनाम वेगळे आहे आणि ते मधल्या काळात बदललेही, पण गावात त्यांना तलाठीच म्हणतात. ते कधी बोलावतात, कधी स्वतः येतात, आणि आले की घरात विचारण्याआधी शेजारी विचारतात.

माझ्या रहिवासाच्या दाखल्याच्या वेळी तलाठी आले तेव्हा घरात कोणीच नव्हते. नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामावर होता, सासूबाई बाजाराला गेल्या होत्या आणि मी शेतात होते. समोरच्या घरातल्या आक्का दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. तलाठ्यांनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून विचारले की ही बाई इथे राहते का. आक्का पदराने हात पुसत उठल्या आणि म्हणाल्या, ‘राहते म्हणजे काय? परवा माझ्या वाफ्यात रोप लावत होती की.’ आणि त्यांनी कागदावर सही केली. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा काम होऊन गेले होते. त्या परवाच्या दिवशी मी आक्कांच्या शेतात गेले नसते, तर त्या बहुधा एवढेच म्हणाल्या असत्या की ‘असेल बाई, मला नीट माहीत नाही.’

७. गल्लीतले पहिले वर्ष

पैऱ्याला नाही म्हणू नये. भाताच्या रोप लावणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, तेव्हा आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही, असे काम चालते. घरातून कोण जाणार हे सासूबाई ठरवतात, पण नवी सून पहिल्या वर्षी स्वतः गेली की तिची ओळख एका दिवसात दहा घरांशी होते. शेतकाम येत नसेल तर तसे सांगून रोपाच्या मुठी पोचवण्याचे काम मागावे. कोणी हसले तर हसू द्यावे. पैऱ्याचा हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, पण तो विसरतही नाही: आपल्याकडे दोन माणसे एक दिवस आली असतील तर आपली दोन माणसे एक दिवस गेलीच पाहिजेत, आणि त्यांच्याकडून न्याहारीत जे आले त्यापेक्षा आपल्याकडून कमी जाता कामा नये.

नळाच्या पाण्यावरून होणारी भांडणे मात्र सर्वांत जास्त असतात. पाणी कोणत्या दिवशी, किती वेळ आणि कोणत्या टोकाकडून सुटते हे आल्या आठवड्यातच विचारून घ्यावे. नळाला थेट मोटार लावू नये. वरच्या टोकाला तुमची टाकी भरते तेव्हा खालच्या टोकाच्या घरात घागरही भरत नाही, आणि मोटारीचा आवाज लपत नाही.

आमच्या भागात ग्रामदेवतेसाठी वार पाळण्याची रीत आहे. ठरवलेल्या वारी शेतात औत धरत नाहीत, आणि महालक्ष्मीची यात्रा असलेल्या वर्षी हे नियम अधिक कडक होतात. ही यात्रा अनेक गावांत दरवर्षी नसते, मधे कितीतरी वर्षे जातात, त्यामुळे जुन्या माणसांनाच सगळे तपशील ठाऊक असतात. प्रत्येक गावाचा वार आणि नियम निराळा आहे. माहेरी चालत होते म्हणून इथे चालेल असे समजू नये. मी पहिल्या वर्षी अशाच एका मंगळवारी विळा घेऊन गवताला निघाले आणि चार घरे ओलांडेपर्यंत तिघींनी मला परत पाठवले. कोणी रागावले नाही, पण ती गोष्ट अजून सांगतात. सौंदत्तीच्या यल्लम्माहून परतलेल्या घरी पडल्या (देवीच्या परड्या) भरायला बोलावणे आले तर काम बाजूला ठेवून जावे. तिथे बसलेल्या बायकांना नावानिशी ओळखू लागलात की गल्ली तुमची झाली.

संबोधनांविषयी थोडे. वयाने मोठीला आक्का किंवा काकू, दिराच्या वयाच्या माणसाला दादा, भावजयीच्या नात्यातलीला वैनी. नाते नक्की नसेल तर आधी सासूबाईंना विचारावे, कारण भावकीत वयाने लहान असलेली बाई नात्याने चुलतसासू निघू शकते. कन्नड बोलणारे शेजारी असतील तर शब्दाच्या शेवटचा ‘री’ शिकून घ्यावा. ‘बा’ म्हणजे ये, ‘बर्री’ म्हणजे या. कन्नड तोडकेमोडके असले तरी चालते, पण वडीलधाऱ्या माणसाला ‘बा’ म्हटलेले चालत नाही. ‘अक्का’, ‘अण्णा’ हे तर दोन्हीकडचेच आहेत.

उसनवारीत विरजण, कढीपत्ता, वाटीभर तेल यांचा हिशेब होत नाही. तांदूळ, पीठ, गॅसचा सिलिंडर यांचा होतो. ज्या मापाने आणले त्याच मापाने, आणि शक्य तर शिगोशीग, परत करावे.

८. सही आणि अंगठा: इथे शेजारधर्म थांबतो

महिलांच्या गटांना कर्ज देणारे खासगी कंपन्यांचे लोक गावोगावी येतात. गटात एक बाई कमी पडली की नव्या सुनेला बोलावतात: ‘फक्त आधारची झेरॉक्स दे आणि अंगठा दे, हप्ता मी भरीन.’ विचारणारी बाई पैऱ्याला आलेली असते, पाणी दिलेली असते, आणि नाही म्हणणे जड जाते. तरीही नाही म्हणावे. अशा गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांकडे मागणी येते, आणि कर्ज तुमच्या नावावर असेल तर ते तुमचेच असते. वसुलीच्या जाचाविरुद्ध कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये वटहुकूम काढला, यावरून प्रकरण किती वाढले होते ते समजावे. ‘घरात विचारून सांगते’ हे सर्वांत सोपे उत्तर आहे. सासूबाई या कामी फार उपयोगी पडतात, नकाराचा वाईटपणा त्या आनंदाने स्वतःकडे घेतात.

हीच काळजी माहेरच्या कागदांबाबतही घ्यावी. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागू लागला तर रागावू नये आणि लगेच सहीही करू नये. कागद घरी आणून, वाचून, कळत्या माणसाला दाखवून मग ठरवावे.

९. मतदार यादी

आधी महाराष्ट्रात मतदार असाल तर इथे नमुना ८ भरावा, तो पत्ता बदलण्यासाठी आहे. नमुना ६ नव्या मतदारांसाठी आहे. तो भरून दोन ठिकाणी नाव ठेवणे हा गुन्हा आहे, ‘माहेरी पण एक मत असू दे’ असे कोणी कितीही प्रेमाने म्हटले तरी. अर्ज ऑनलाइन होतो किंवा गावातल्या बूथ अधिकाऱ्यांकडे देता येतो. बहुतेक ठिकाणी त्या अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात.

१०. पहिले बाळंतपण

दिवस राहिले की आधी इथल्या आशा कार्यकर्तीकडे नोंद करून तायी कार्ड घ्यावे आणि माहेरी जाताना ते बरोबर न्यावे. तिकडच्या दवाखान्यात आधीच्या तपासण्या त्यावरूनच कळतात. अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना मातृपूर्ण योजनेखाली दुपारचे जेवण मिळते. संकोच न करता जावे, तिथेच तुमच्या बरोबरीच्या मुली भेटतात.

बाळाचा जन्म जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. बाळंतपण माहेरी झाले तर जन्मदाखला महाराष्ट्राचा असेल, आणि त्याने पुढे काहीही अडत नाही. नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी. बाळाचे नाव ठरले नसेल तर नावाशिवाय नोंद होते आणि ते पुढे बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते, म्हणून बारशाआधी घाईने काहीतरी नाव लिहून देऊ नये. दाखल्यावर आईचे नाव तुमच्या आधारवर आहे तसेच, आणि कायमचा पत्ता सासरचा, हे दवाखान्यातून निघण्याआधी तपासावे. दाखल्याच्या चार मूळ प्रती तेव्हाच मागून घ्याव्यात. पुढे शाळेत, मग ती गावातली मराठी शाळा असो की दुसरी, तोच दाखला लागतो. २०१५ च्या कायद्यामुळे मराठी शाळेतही कन्नड हा विषय असतोच, तेव्हा स्वयंपाकघरातला तो शब्दांचा कागद काढून टाकू नये. माझ्या मुलीने पहिलीत असताना त्यावरचे माझे दोन शब्द खोडून, वर बरोबर लिहून ठेवले आहेत.